मॉरिशसचा पाऊस व पर्जन्यमापनाचा धडा

मॉरिशस बेट लहान. तरी तेथे पाऊस सर्वत्र सारखा पडत नाही. आग्नेयेचे व्यापारी वारे उंचावर चढल्याने मध्य पठारावर वर्षास सुमारे ४,००० मिलिमीटर पाऊस होतो; पश्चिम किनाऱ्यावर १,००० मिलिमीटरहूनही कमी. १९९८-९९ च्या हंगामात पावसाने ओढ दिली आणि १९९९ साली उसाचे उत्पादन फार घटले.

एका पर्जन्यमापकावरून साऱ्या प्रदेशाची स्थिती कळत नाही. यास्तव प्रत्येक केंद्रावर पाऊस रोज ठराविक वेळी मोजावा. पाऊस नसल्यास शून्य लिहावे. कोऱ्या जागेवरून पाऊस पडला नाही की मोजला नाही, हे उमगत नाही. महिन्याची बेरीज अनेक वर्षांच्या सरासरीशी ताडावी. तूट वेळीच ध्यानी आली, तर पीक वाळण्यापूर्वी पाण्याची काटकसर करता येते.