नंदी हलत नाही तेव्हा

आमच्या मोरगावात मयूरेश्वरासमोर उंदराबरोबर नंदीही आहे. शंकराच्या देवळासाठी चालवलेला हा नंदी गाडी मोडल्यामुळे इथेच बसला आणि पुढे हलेना, असं गावात सांगतात. साखर कारखान्यांना पंपाचं ग्लँड पॅकिंग विकताना तो मला फार वेळा आठवला. कोटेशन जायचं, पुढे सामसूम. अशा वेळी मेलने पाठपुरावा कसा करायचा, त्याचे हे माझे धडे.

१. आधी कारखान्याचं पंचांग बघा. 2024 चा हंगाम 15 नोव्हेंबरला सुरू झाला. गव्हाणीत मोळी पडली की चीफ इंजिनिअरचं सगळं लक्ष मिल बंद पडू नये याकडे असतं. तुमचा मेल कोण वाचतो! पहिली दोन वर्षं मी डिसेंबरातच मेल धाडत होतो, आणि उत्तर नाही म्हणून माझाच माल वाईट समजत होतो. गाळप आटोपलं, पंप खोलले, की त्याच साहेबांना पॅकिंगची आठवण होते. आता मी एप्रिलमध्ये लिहितो.

२. विषयाच्या ओळीत ‘रिमाइंडर’ लिहू नका. वसुलीची नोटीस वाटते.

३. दुसऱ्या मेलमध्ये काहीतरी नवं हवं. ‘आमच्या मेलबाबत काय झालं?’ यात समोरच्याच्या कामाचं काही नसतं. माझा चाललेला मेल एवढाच होता: ‘नमस्कार साहेब, मागच्या कोटेशनमध्ये मोलॅसिस पंपाचा साइज अंदाजाने धरला होता. पंप खोलला असेल तर शाफ्ट आणि स्टफिंग बॉक्सचं माप कळवा, दर नव्याने देतो. जुनं कोटेशन खाली आहेच.’ तिसऱ्या दिवशी उत्तर आलं, नुसते दोन आकडे. नमस्कार नाही, काही नाही. पण माप कळवणारा माणूस अर्धा गिऱ्हाईक झालेलाच असतो. आणि जुन्याच मेलला जोडून लिहायचं. साहेबांना शोधायला लावायचं नाही.

४. आपल्या भागात सौदा फोनवर आणि चहावर होतो, हे खरं. तरी दर मेलवरच द्या. परचेसवाले तीन पार्ट्यांचा तुलनात्मक तक्ता करतात तेव्हा चहा फाइलला लागत नाही. बरेचदा गप्प बसलेल्या साहेबांच्या हातात काही नसतंच. वर्कशॉपकडून इंडेंट आलेलं नसतं. म्हणून मी सरळ विचारतो, ‘हे आपल्याकडे की वर्कशॉपकडे?’ या प्रश्नाला उत्तर देणं सोपं असतं, त्यामुळे ते येतंही.

५. रात्री मेल पाठवू नका. हे मी पैसे मोजून शिकलो. चार मेलना उत्तर नाही म्हणून एकदा रात्री अकराला लिहिलं, ‘आपल्याला गरज नसावी, निदान तसं कळवण्याचं सौजन्य तरी…’ तिथून काहीच आलं नाही. दोन वर्षांनी खुर्चीत नवे साहेब आले. भेटायला गेलो, तर फाइलमध्ये माझा तोच मेल, छापून, पंच मारून लावलेला. त्यांनी तो शांतपणे वाचला, माझ्याकडे पाहिलं, आणि चहा मागवला. ऑर्डर दिली नाही.

६. शेवटचा मेल असतो, पण तो गोडीत लिहायचा: ‘या हंगामापुरता विषय थांबवतो, पुढच्या एप्रिलमध्ये लिहीन.’ आणि एप्रिलमध्ये खरंच लिहायचं. अष्टविनायकाची यात्रा मोरगावला सुरू होते आणि रीतीप्रमाणे परत मोरगावलाच येऊन संपते. आम्हाला फेरीचं काय!

त्या चहावाल्या साहेबांनाही यंदा लिहिलंय. सकाळी दहाला.