न धडकता बसणारा धक्का

इंदापूर तालुक्याच्या टोकाला, नीरा नरसिंहपूर येथे, नीरा भीमेला मिळते. पावसाळ्यात दोन्ही नद्या फुगलेल्या असल्या की पाणी पाण्याला रेटते; एक कण शेजारच्याला, तो पुढच्याला. धक्का म्हणजे इतकेच, अशी माझी समजूत होती. कला शाखेच्या विद्यार्थ्याला तेवढी पुरतेही! पण आकाशात असेही संगम आहेत की जेथे कण कणाला जवळजवळ शिवतच नाही, तरीही धक्का बसतो.

दीर्घिकांचे दोन समूह एकमेकांवर येतात तेव्हा त्यांच्यातील तप्त प्लाझ्मा, म्हणजे आयनद्रायू, एकमेकांवर आदळतो. समूहाच्या कडेला तो इतका विरळ असतो की लिटरभर जागेत जेमतेम एखादा इलेक्ट्रॉन सापडावा. असा कण दुसऱ्याशी न टकरता हजारो प्रकाशवर्षे जाऊ शकेल. मग त्याला अडवितो कोण? चुंबकी क्षेत्र. विद्युत्‌भारित कण चुंबकी रेषेभोवती गिरक्या घेतो. त्याला रेषा ओलांडून सरळ निसटता येत नाही. म्हणून धक्का क्षेत्राच्या मार्फत पोचतो.

पण या झटापटीत क्षेत्राचेही रूप पालटते. गुंतलेल्या सुतळीचा गुंडा तळहाताखाली दाबून पाहावा. पेड आडवे पडतात आणि जवळजवळ येतात. आघात तरंग प्लाझ्मा एकाच दिशेने दाबतो, त्यामुळे विस्कटलेल्या चुंबकी रेषा त्याच्या आघाडीला समांतर होतात व दाटतात. दाटणे म्हणजेच क्षेत्र प्रबळ होणे.

याचा पुरावा मिळविण्यात आपल्याच पुणे जिल्ह्यातील खोडदच्या रेडिओ दुर्बिणीचा वाटा आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची ही दुर्बीण. तिच्या व अन्य दुर्बिणींच्या साह्याने २०१० साली व्हॅन वीरेन आणि सहकाऱ्यांनी एका समूहाच्या उत्तर कडेवर सुमारे ६५ लाख प्रकाशवर्षे लांबीची अरुंद कमान दाखविली. तिच्या आकारावरून शास्त्रज्ञ तिला 'सॉसेज' म्हणतात. (नाव खाद्यपदार्थाचे आहे, त्याला इलाज नाही.) गिरक्या घेणारे वेगवान इलेक्ट्रॉन रेडिओ लहरी सोडतात, आणि त्या लहरींचे कंपन चुंबकी रेषांशी काटकोनात असते. रेषा विस्कटलेल्या असत्या तर कंपनेही सर्व दिशांना विखुरली असती. येथे मात्र निम्म्याहून अधिक लहरी एकाच दिशेने कंप पावताना आढळल्या, आणि ती दिशा कमानीला काटकोनात होती. म्हणजे रेषा कमानीच्या लांबीलाच धरून पडलेल्या!

या क्षेत्राचे बळ पाच ते सात मायक्रोगॉस निघाले. आपल्या होकायंत्राची सुई वळविणाऱ्या पृथ्वीच्या क्षेत्राचा हा सुमारे लाखावा हिस्सा.