एका डॉलरचं सिॲटल

यजमान शहराच्या परिचयात काही गोष्टी याव्याच लागतात, त्या आधी उरकून घेतो. सिॲटल हे नाव इथल्या दुवामिश आणि सुक्वामिश जमातींच्या सरदाराचं. गोरे वसाहतवाले 1851 च्या नोव्हेंबरात अल्काय किनाऱ्यावर उतरले. 1889 साली एका सुताराच्या दुकानातलं सरसाचं भांडं उतू गेलं आणि लाकडी शहराचा मधला भाग जळून खाक झाला. मग विटांचं शहर बांधलं आणि रस्ते मजलाभर उचलून घेतले. जुने तळमजले आज तळघरं झालेत आणि तिकीट काढून बघता येतात. बोइंग 1916 ची, स्टारबक्स 1971 ची, ॲमेझॉन 1994 ची. मायक्रोसॉफ्ट 1986 मध्ये बेलव्ह्यूहून रेडमंडला गेली आणि तिच्या मागोमाग आपली अर्धी मराठी वस्तीही. स्पेस नीडल 1962 च्या जागतिक प्रदर्शनासाठी उभारली, उंची 605 फूट. झालं.

हे तुम्हाला कुठेही वाचायला मिळालं असतं. अधिवेशनाच्या स्मरणिकेच्या संपादक मंडळानं लेख माझ्याकडे दिला तो मी गाडी चालवत नाही म्हणून. नाशिक विभागात एसटीत वाहतूक नियंत्रक होतो. जन्मभर दुसऱ्यांच्या गाड्या सोडल्या, फेऱ्या लावल्या, उशीर नोंदवला. निवृत्त झालो आणि मुलगा-सून म्हणाले, आता इकडेच या, मुलांना आजी-आजोबा मिळतील. आलो. तेव्हा हा परिचय बसच्या खिडकीतून दिसणाऱ्या सिॲटलचा आहे. अधिवेशनाला येणाऱ्यांत आमच्या वयाचे पुष्कळ असतील, काही जण आपापल्या मुलांच्या गावी मुक्काम हलवावा की नाही या विचारात असतील. त्यांनाही याचा थोडा उपयोग व्हावा.

नातवंडांच्या ओढीनं इथे येणाऱ्याला एक गोष्ट कोणी आधी सांगत नाही. नातवंडं दिवसभर घरी नसतात. आमची नात सातवीत, नातू दुसरीत. सकाळी डबे, मोजे, पाण्याच्या बाटल्या यांचा गोंधळ होतो आणि साडेआठनंतर घरात आवाज उरतो तो फक्त फ्रीजचा. दुपारी नातू येतो, दहा मिनिटं गळ्यात पडतो, दडपे पोहे खातो आणि लेगोत शिरतो. नात तर आता दार लोटून घेते. लेकरांचा काही दोष नाही त्यात, वयच तसं. पण नातवंडं सांभाळायला म्हणून आलेल्या माणसाच्या हातात दिवसाचे सात तास मोकळे राहतात, आणि ते टीव्हीवरच्या मराठी मालिकांवर काढले तर माणूस सहा महिन्यांत चिडचिडा होतो. मी अशी उदाहरणं पाहिलीत, नावं घेत नाही. आपल्यापुरतं शहर आपणच शोधावं लागतं, सुनेनं शनिवारी दाखवून ते होत नाही.

इथे ते शोधायचं साधन म्हणजे ओर्का कार्ड. 65 पूर्ण झालेल्याला सवलतीचं कार्ड मिळतं. मग बस असो की लाइट रेल, तिकीट एक डॉलर, आणि दोन तासांच्या आत दुसरी बस धरली तर त्यातच भागतं. 18 वर्षांपर्यंतच्या मुलांना सप्टेंबर 2022 पासून तिकीटच नाही. त्याच्या थोडंसंच आधी, ऑगस्टात, आपल्याकडे 75 च्या पुढच्यांना एसटी फुकट झाली होती. त्या बाबतीत महाराष्ट्र मागे नाही, हे मी इथल्या बाकावरच्या मंडळींना अभिमानानं सांगत असतो.

आमच्या भागातून जाणारी रॅपिडराइड बी ही बस लाल-पिवळी आहे. पहिल्यांदा वळणावरून आली तेव्हा आमची ही, म्हणजे बायको, म्हणाली, “अहो, तुमची आली बघा.” थांब्यावर आली की चालक एक बटण दाबतो, फुस्स आवाज होतो आणि गाडीची दाराकडची बाजू खाली झुकते, म्हाताऱ्यांना पायरी चढायला नको म्हणून. पुढच्या बंपरवर तीन सायकली लावायची सोय. एकदा चाकाच्या खुर्चीतल्या बाई चढल्या. चालकानं दारातली फळी बाहेर टाकली, पुढची बाकं उचलून जागा केली, खुर्ची पट्ट्यांनी घट्ट केली, बाईंना दोनदा विचारलं, मग गाडी काढली. चार मिनिटं गेली. माझा हात नोंदवहीसाठी शिवशिवला. पण भरलेल्या गाडीत कोणी चकार शब्द काढला नाही, घड्याळाकडेही बघितलं नाही. उतरताना जो तो चालकाला ‘थँक यू’ म्हणून उतरतो, शाळकरी पोरंसुद्धा. आमच्या चालकांना जन्मभरात जेवढे आभार मिळाले नसतील तेवढे इथल्या चालकाला एका फेरीत मिळतात.

मुख्य शहरात चढ इतके आहेत की काही मार्गांवर अजून डोक्यावरच्या विजेच्या तारांवर चालणाऱ्या ट्रॉलीबस आहेत. चढावर त्या डिझेल गाडीपेक्षा जोर धरतात. मुलुंड-वाशीच्या सपाटीत वाढलेल्यांनी गुडघ्यांचा विचार करून चालायचे बेत आखावेत.

आमची रॅपिडराइड बी जिथे थांबते त्या क्रॉसरोड्सबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण कुठल्याही प्रवासी पुस्तकात ते तुम्हाला सापडायचं नाही. बेलव्ह्यूमधला हा एक जुना, बैठा मॉल. मध्ये खाण्याची दुकानं, त्यांच्यात निरनिराळ्या देशांच्या चुली. आतच सार्वजनिक वाचनालयाची शाखा, आतच नगरपालिकेचं छोटं कार्यालय. आणि फरशीवर रंगवलेला भला मोठा बुद्धिबळाचा पट. मोहरी गुडघ्याच्या वर येतील एवढी. घोडा हलवायचा तर वाकून दोन्ही हातांनी उचलावा लागतो, त्यामुळे खेळी करण्यापूर्वी माणूस आपोआप नीट विचार करतो. माझा नेहमीचा प्रतिस्पर्धी रशियन बोलतो, मी मराठी. आमच्यात इंग्रजी म्हणजे ‘चेक’ आणि ‘सॉरी’. तो उंट फार लवकर बाहेर काढतो. बाजूच्या बाकांवर तेलुगू, गुजराती, चिनी आजोबा बसलेले असतात आणि प्रत्येक जण आपापल्या भाषेत चुकीचा सल्ला देतो. बेलव्ह्यूत आज दहातले जवळजवळ चार जण परदेशात जन्मलेले आहेत. इथे आपण कोणाच्याही डोळ्यांत भरत नाही, हा मोठा आराम.

याच बेलव्ह्यूत शंभर वर्षांपूर्वी स्ट्रॉबेरीची शेतं होती, बरीचशी जपानी कुटुंबांनी जंगल तोडून उभी केलेली. 1925 पासून इथे स्ट्रॉबेरीचा उत्सव भरायचा. 1942 मध्ये युद्धाच्या काळात सरकारनं जपानी वंशाच्या लोकांना उचलून छावण्यांत टाकलं, त्यांत अमेरिकेत जन्मलेलेही होते. शेतं ओस पडली, उत्सव बंद झाला. आज तिथे काचेच्या इमारती आहेत. आपली मुलं त्यांत कामाला जातात. ही गोष्ट आपल्याला माहीत असलेली बरी.

आता पाऊस. सिॲटलच्या पावसाची जी ख्याती तुम्ही ऐकली असेल तिच्यावर इगतपुरीच्या माणसानं फक्त हसावं. वर्षाला हजार मिलिमीटरच्या आत-बाहेर, म्हणजे इगतपुरीच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास. पण इगतपुरीचा पाऊस चार महिन्यांत हिशेब पुरा करतो, इथला ऑक्टोबर ते मे पिठाच्या चाळणीसारखा भुरभुरत राहतो. स्थानिक माणूस छत्री घेत नाही, टोपी असलेलं जाकीट चढवतो. पावसापेक्षा त्रास अंधाराचा. डिसेंबरात सव्वाचार-साडेचारला सूर्य मावळतो. पहिल्या हिवाळ्यात हिला संध्याकाळच्या दिव्याची वेळच कळेना. मुलं शाळेतून येईतो अंधारून येई. डॉक्टर ड जीवनसत्त्व लिहून देतात ते घ्यावं, आणि ढगाळ का होईना, सकाळी अकराला अर्धा तास बाहेर पडावं. याचं उट्टं जून काढतो. तेव्हा रात्री नऊ वाजून गेले तरी उजेड असतो आणि नातवंडांना झोपवायला कोणतंही कारण पटत नाही. जुलै-ऑगस्ट कोरडे आणि देखणे. फक्त ऑगस्टच्या अखेरीस कधीकधी वणव्यांचा धूर येतो, तेव्हा दमेकऱ्यांनी खिडक्या लावून घ्याव्यात.

कागदपत्रांविषयी दोनच ओळी. पाहुणा म्हणून येणाऱ्याला एका वेळी साधारण सहा महिने राहता येतं, आणि प्रवासी विमा तेवढ्या सगळ्या काळाचा घ्यावाच. ग्रीन कार्डावर येणाऱ्याला मेडिकेअर विकत घ्यायचं तर वय 65 आणि इथला सलग पाच वर्षांचा रहिवास लागतो. मधल्या पाच वर्षांच्या विम्याचा खर्च मुलांशी आधी मोकळेपणानं बोलावा. आपल्याकडे हा विषय संकोचानं राहून जातो आणि मग पहिल्याच दातदुखीला घरात तोंडं सुजतात. भारतात फोन करायला उन्हाळ्यात साडेबारा तासांचा फरक लक्षात ठेवला की पुरे. इथे सकाळी सातचा चहा, तिकडे भावाची साडेसातची सांजवात.

अधिवेशनातून एक दिवस मोकळा मिळाला तर पाइक प्लेस मार्केट टाळू नका, गर्दी असली तरी. मासे फेकणारे कोळी सगळे बघतात. मी मात्र नाशिककर म्हणून वेगळ्या कारणानं जातो. हा बाजार कांद्यामुळे सुरू झाला. 1907 च्या सुमारास दलालांनी कांद्याचा भाव कितीतरी पट चढवला. शेतकऱ्याच्या हातात काही पडेना आणि गिऱ्हाईक रडकुंडीला आलेलं. शेवटी शहरानं ठरवलं की शेतकऱ्यानं माल थेट विकावा. 17 ऑगस्ट 1907 ला मोजक्या घोडागाड्या आल्या आणि बघता बघता माल संपला. लासलगावच्या लिलावात ज्यानं उन्हात ट्रॅक्टरवर रात्र-दिवस काढलेत, त्याला या बाजाराचा इतिहास वेगळा समजावून सांगावा लागत नाही. पुढे हा बाजार पाडून टोलेजंग इमारती बांधायचं घाटत होतं. 1971 मध्ये लोकांनी मतदान करून तो वाचवला. आजही त्याच्या पोटात दवाखाना आहे, ज्येष्ठांचं केंद्र आहे, कमी उत्पन्नवाल्यांची घरं आहेत. सहलीला येणाऱ्यांना ते दिसत नाही. त्यांची रांग पहिल्या स्टारबक्ससाठी असते.

ईस्टसाइडवरून, म्हणजे बेलव्ह्यू-रेडमंडच्या बाजूनं, शहरात येताना लेक वॉशिंग्टन हे तळं ओलांडावं लागतं. तळं दोनशे फुटांहून खोल आणि तळाशी गाळ, म्हणून खांब रोवता येईनात. त्यांनी काँक्रीटच्या पोकळ पेट्या पाण्यावर तरंगत ठेवून त्यांवर रस्ता घातला. 520 क्रमांकाचा 2016 चा पूल सुमारे 7,700 फूट आहे, तरंगत्या पुलांत जगात सगळ्यात लांब. दुसरा आय-90 चा. त्यातला 1940 चा जुना पूल 1990 मध्ये दुरुस्ती चालू असताना वादळात चक्क बुडाला. तो पुन्हा बांधला, आणि त्याच्या शेजारच्या तरंगत्या पुलावर रेल्वेचे रूळ टाकले. एसटीच्या माणसाला घाटाची भीती नसते, पण या पुलावर मी अजून खिडकीची जागा धरत नाही.

नातवंडं बरोबर असतील तर बॅलार्डचे जलपाश बघा. समुद्राच्या आणि तळ्याच्या पाण्याची पातळी वेगळी, म्हणून बोटी इथे कुलपात घालून वर-खाली करतात. हे 1917 पासून चालू आहे, प्रवेश फुकट. शेजारी सामन माशांसाठी पाण्याचा जिना. जमिनीखालच्या काचांतून जुलैपासून मासे वर चढताना दिसतात. काचेवर मुलांच्या नाकांचे ठसे. जन्मलेल्या ओढ्याचा वास धरून ते परत येतात, असं नातवानं मला सांगितलं. शाळेत शिकवलं होतं. स्मरणिकेच्या लेखकाला इथे मायदेशाची उपमा द्यायचा मोह होतो, तो टाळतो. मासे अंडी घालून मरतात, आणि आम्हाला संध्याकाळी पावभाजी करायची होती.

फेरीबोटीवर मात्र एक चक्कर कराच. सिॲटलच्या गोदीवरून बेनब्रिज बेटाला पस्तीस मिनिटं लागतात. 65 च्या वरच्यांना अर्धं तिकीट, 18 पर्यंतच्या मुलांना काहीच नाही, आणि परत येताना पायी प्रवाशांना तिकीटच नाही, कारण ते एकाच बाजूनं घेतात. जाताना वरच्या डेकवर डाव्या अंगाला उभं राहावं; हवा स्वच्छ असेल तर तिथून 14,410 फुटांचा माउंट रेनिअर दिसतो. स्वेटर घ्या, ऑगस्ट असला तरी. बोटीवरचा चहा महाग आणि पाणचट आहे, थर्मास घरूनच भरून न्यावा.