आकाशमार्गाचे अंतर

छत्रपती संभाजीनगरचा विमानतळ चिकलठाणा येथे आहे. तेथून मुंबई किती दूर? या साध्या प्रश्नाला एकच उत्तर नाही. लोहमार्गाने गेल्यास शहरापासून मुंबई सुमारे 375 किलोमीटर आहे. आकाशमार्गाने दोन्ही विमानतळांमधील अंतर अवघे 280 किलोमीटर भरते. असे का व्हावे?

आगगाडीला भूमीची मर्जी सांभाळावी लागते. ती प्रथम वायव्येस मनमाड गाठते, तेथून नैऋत्येस वळते आणि इगतपुरीनंतर कसारा घाटाने सह्याद्री उतरते. विमानाला ना डोंगर आडवा येतो, ना नदी. पृथ्वीगोलावर दोन ठिकाणांमध्ये दोरा ताणून धरावा. तो दाखवील तोच सर्वांत जवळचा मार्ग होय. मुंबईहून न्यूयॉर्कपर्यंत ताणलेला दोरा तर उत्तर युरोपवरून जातो! सपाट नकाशावर ही गोष्ट ध्यानात येत नाही.

अंतर कळले म्हणजे वेळ कळलाच, असे मात्र नव्हे. उंच आकाशात मोठे विमान ताशी सुमारे 800 किलोमीटर वेगाने जाते. या हिशेबाने 280 किलोमीटरांस एकवीस मिनिटे पुरावीत. प्रत्यक्षात सुमारे एक तास लागतो. धावपट्टीपर्यंत जाणे, उंची गाठणे, वेग आवरून खाली येणे, उतरण्यासाठी आपल्या पाळीची वाट पाहणे, यांतच पुष्कळ वेळ जातो.

या मिनिटांचे मोल 2016 च्या जानेवारी महिन्यात दिसून आले. तेव्हा हे शहर औरंगाबाद या नावाने ओळखले जात असे. मेंदूचे कार्य कायमचे थांबलेल्या एका रुग्णाच्या कुटुंबीयांनी, शोकाच्या त्या घडीतही, अवयवदानास संमती दिली. त्याचे हृदय मुंबईतील रुग्णास द्यावयाचे होते. शरीराबाहेर काढलेले हृदय साधारणतः चार तासांच्या आत दुसऱ्या शरीरात बसवावे लागते. तेवढ्या अवधीत सडकेने मुंबई गाठणे त्या काळी दुरापास्त होते. म्हणून हृदय विमानाने नेण्यात आले. विमानतळाकडे जाणारा रस्ता पोलिसांनी मोकळा राखला; कारण वेळ मोजावयाचा होता तो रुग्णालयाच्या दारापासून रुग्णालयाच्या दारापर्यंत.

अंतर किलोमीटरांत मोजतात. परंतु ज्याचा श्वास अडला आहे, त्याच्यासाठी ते मिनिटांतच मोजावे लागते. ती मिनिटे यंत्राच्या वेगाने वाचतात, तशीच रस्ता सोडून बाजूला उभ्या राहणाऱ्या माणसांमुळेही वाचतात.

शब्दार्थ : दुरापास्त – फार कठीण; अवधी – मुदत.

स्वाध्याय

1. लोहमार्ग व आकाशमार्ग यांच्या अंतरात फरक का पडतो?
2. ‘रुग्णालयाच्या दारापासून रुग्णालयाच्या दारापर्यंत’ असे का म्हटले आहे?
3. वाक्यांत उपयोग करा : मर्जी सांभाळणे, आडवे येणे.
4. चिकलठाण्याहून दिल्लीचा विमानतळ आकाशमार्गाने सुमारे 980 किलोमीटर आहे. सरासरी वेग ताशी 700 किलोमीटर धरल्यास उड्डाणास किती मिनिटे लागतील?