अमीनाबादला जेवायला जाताना

पोरी, जावईबापूंना आणि सासूबाईंना घेऊन लखनौला निघाली आहेस, चिकनकारीचे कुडते आणि साड्या घ्यायच्या आहेत, हे कळलं. कपडे तुझे तू निवड, त्यात मी पडत नाही. पण खाण्याचं मात्र माझ्याकडून ऐकून जा. तुझ्या काकांच्या नोकरीपायी आमची उमेदीची वर्षं लखनौत गेली. अमीनाबादेत कुठे, कधी आणि कसं खायचं हे मला तिथल्या शेजारणींनी शिकवलं. त्यांनी जे दिलं ते आता तुझ्या पदरात घालते.

अमीनाबाद हा नवाबी काळातला बाजार. अवधचा नवाब अमजद अली शाह याचा वजीर अमीनुद्दौला, त्याच्या नावाचा. अमजद अली 1842 ते 1847 गादीवर होता, म्हणजे बाजाराचं वय तूच मोज. जवळच कैसरबाग, जिथे आपल्या पंडित विष्णु नारायण भातखंड्यांनी 1926 साली संगीताचं कॉलेज काढलं. पुढे रातंजनकरबुवा तिथे प्राचार्य झाले. गाणं शिकायला गेलेली किती मराठी मुलं या बाजारात जेवून-खाऊन मोठी झाली असतील! तेव्हा परक्या गावी चाललोय असं मनात आणू नकोस.

एका दुकानात सगळं मागू नकोस

हा सगळ्यात मोठा मंत्र. आपल्याकडे हॉटेलात बसलं की मेन्यूकार्ड येतं आणि सूपपासून आइस्क्रीमपर्यंत सगळं एकाच टेबलावर मागवता येतं. अमीनाबादची जुनी दुकानं एकेका पदार्थावर उभी आहेत. कबाबवाल्याचा हात कबाबावर बसलेला, बिर्याणीवाल्याचा देगेवर, कुल्फीवाल्याचा कुल्फीवर. त्यांच्या पाटीवर दहा पदार्थ लिहिलेले असले तरी दुकानाचं नाव ज्यावर झालं तेच मागायचं. एका ठिकाणी एक प्लेट दोघांत, मग उठायचं, चार पावलं चालायचं, पुढच्या दुकानी जायचं. पहिल्याच ठिकाणी पोट भरलं तर बाकीचा बाजार नुसता बघायला उरतो. म्हणून 'हाफ प्लेट मिलेगी?' हे वाक्य तोंडात ठेव.

वार आणि वेळ बघून जा

गुरुवारी अमीनाबादच्या मोठ्या दुकानांना साप्ताहिक सुट्टी असते आणि रस्त्यावर फेरीवाल्यांचा बाजार भरतो. स्वस्त खरेदीला तो दिवस छान, पण सासूबाईंना त्या गर्दीत नेऊ नकोस. बांगड्या-टिकल्यांचा बाजार, त्याला गडबडझाला म्हणतात, तो उरकायचा तर दुपारी उरक. मांसाहारी खाणं संध्याकाळी दिवे लागल्यावर. तवे तेव्हा खरे तापलेले असतात आणि माल झपाट्याने खपत असतो, म्हणून ताजं मिळतं.

सकाळ पुरी-कचोरीची आणि निहारीची. निहारी म्हणजे मांसाचा रस्सा, तो रात्रभर मंद आचेवर शिजतो आणि पहाटे कुलच्याबरोबर खातात. त्यासाठी अमीनाबादेत थांबू नकोस, चौक नावाच्या दुसऱ्या बाजारात अकबरी गेटजवळ रहीमच्या दुकानी जा, तेही सकाळीच. उन्हाळ्यात तिकडे पारा चाळिशीच्या वर जातो, तेव्हा दुपारी जड खाण्याच्या फंदात पडूच नका. रमजानात मुस्लिम मालकांची बरीच दुकानं दिवसा बंद असतात आणि इफ्तारनंतर असा बाजार फुलतो की रात्र कधी सरली कळत नाही. गर्दी सोसवत असेल तर त्या महिन्यात अवश्य जा.

आणखी एक. तिकडचा महिना पौर्णिमेनंतर सुरू होतो, म्हणून त्यांचा ज्येष्ठ आपल्या कालनिर्णयापेक्षा पंधरा दिवस आधी लागतो. ज्येष्ठातल्या प्रत्येक मंगळवारी, त्याला ते बडा मंगल म्हणतात, लखनौभर हनुमानाच्या नावाने भंडारे लागतात. रस्त्यारस्त्यावर पुरी-भाजी, बुंदी, सरबत. जात-धर्म कोणी विचारत नाही. हात पुढे करून प्रसाद घ्यायचा, पानात काही टाकायचं नाही.

'बडे का' की 'छोटे का', आधी विचार

हे नीट ऐक, कारण इथे संकोच केला तर पुढे मनाला लागतं. लखनौत 'बडे का' म्हणजे म्हशीचं मांस आणि 'छोटे का' म्हणजे बकऱ्याचं. गाईची कत्तल उत्तर प्रदेशात 1955 पासून कायद्याने बंद आहे. चौकातलं टुंडे कबाबीचं मूळ दुकान, 1905 सालचं, ओळखलं जातं ते 'बडे'च्या गलावटी कबाबांवर. 2017 च्या मार्चमध्ये कत्तलखान्यांवर कारवाई होऊन म्हशीचं मांस मिळेना, तेव्हा त्या दुकानाला एक दिवस कुलूप लावावं लागलं होतं, इतकं त्यांचं गणित त्यावर. अमीनाबादेत नाझ सिनेमा रोडवरच्या त्यांच्याच शाखेत मात्र मटणाचेही मिळतात. तू काय खायचं ते तू ठरव, मी सांगणार नाही. फक्त पैसे देण्याआधी सरळ विचार, 'भाईसाहब, छोटे का है ना?' तिथे हा प्रश्न रोजचा आहे, कोणाला राग येत नाही आणि कोणी खोटं सांगत नाही. ज्यांना चालत नाही त्यांनी न विचारता खायचं आणि नंतर दुकानाला बोल लावायचा, हे बरं नव्हे.

टुंडे नावाच्या पाट्या आता गावभर दिसतील. रिक्षावाल्याला नुसतं 'टुंडे' म्हणू नकोस. 'अमीनाबाद, नाझ सिनेमा रोड' असं पुरतं सांग, नाहीतर तो चौकात नेऊन उभी करेल. दोन्ही बाजार वेगळे आहेत, मध्ये चांगलं दोन-तीन किलोमीटरचं अंतर आहे.

कबाब खाण्याआधी तो होताना बघ

दुकानाच्या तोंडाशीच तवा असतो. कडा उंच, मध्ये खोलगट, परातीएवढा मोठा. मध्यभागी तूप तापत असतं. कारागीर ओल्या हाताने खिम्याचा लहान गोळा तोडतो, अंगठ्याने दाबून चपटा करतो आणि तव्याच्या उतारावर चिकटवतो. खिमा इतका बारीक वाटलेला, कच्च्या पपईने इतका मऊ झालेला, की त्याला धरून ठेवायला भाजलेल्या चण्याचं पीठ लागतं. खालची बाजू तांबूस झाली की उलथन्याने उलटतो. कबाब मोडत नाही, पण जिभेवर ठेवला की दातांचं काम उरत नाही. दात पडलेल्या नवाबासाठी केला अशी कथा सांगतात ती यामुळेच. मसाल्यात एकशेसाठ जिनसा असतात असंही सांगतील. मोजायला जाऊ नकोस, चव घे.

बरोबर पराठा घ्यायचा, उलट्या तव्यावरचा. तवा पालथा घालून त्याच्या फुगीर पाठीवर भाजतात, म्हणून तो पातळ आणि पदर सुटलेला येतो. पराठ्याचा तुकडा तोडायचा, त्याने कबाब अलगद दाबून उचलायचा, वर कांदा आणि लिंबू. काटा-चमचा मागितलास तर देतील, पण मजा जाईल. कोर्मा घेतलास तर शिरमाल घे. मैदा, दूध, तूप आणि केशर घालून केलेली ही गोडसर रोटी रश्श्यात बुडवून खातात. पोळी मिळेल का, असं विचारू नकोस. तिकडे जायचं ते तिकडचं खायला.

तिखट शोधू नकोस

जावईबापू कोल्हापूरचे, म्हणून हे खास त्यांच्यासाठी. अवधचं जेवण तिखटावर चालत नाही, वासावर चालतं. केवडा, वेलची, जायपत्री, केशर. वाहिदची बिर्याणी अमीनाबादेत 1955 पासून नावाजलेली आहे. ती बघून पहिल्यांदा वाटेल, ही पांढरट का? मसाला कुठे आहे? मसाला भातात शिरलेला आहे. आधी मांस आणि मसाले उकळून यखनी काढतात, मग त्यात भात मुरतो आणि देग दमावर लागते. प्रत्येक शीत मोकळं राहतं आणि डोळ्यांत पाणी येत नाही. जावईबापूंना सांग, पहिले चार घास काहीही न मागता खा. मिरची मागितली की यखनीची चव त्याखाली दडून जाते. तांबडा-पांढरा घरी आहेच.

हाच भात नवाब वाजिद अली शाहबरोबर 1856 साली कलकत्त्याला गेला आणि तिथे त्यात बटाटा आला. लखनौच्या बिर्याणीत बटाटा शोधू नका, मिळणार नाही.

शाकाहारी माणसाला उपाशी ठेवू नकोस

सासूबाई मांसाहार करत नाहीत म्हणून त्यांना हॉटेलच्या खोलीत बसवून ठेवशील तर मला अजिबात आवडणार नाही. अमीनाबादेत त्यांच्यासाठी भरपूर आहे. श्रीराम रोडवर नेतरामची पुरी-कचोरी आहे. जुनं घराणं, पानात गरम पुरी आणि भाज्या, वर जिलबी. त्यांना तिथे सकाळीच ने, न्याहारी आणि जेवण एकदमच होईल.

संध्याकाळी चाट. पाणीपुरीला तिकडे पानी के बताशे म्हणतात. काही गाड्यांवर पाच तऱ्हांचं पाणी असतं, गोडापासून हिंगापर्यंत, एकेक बताशा एकेका पाण्याचा. मटर चाट ही खास तिथली. सुक्या पांढऱ्या वाटाण्यांची उसळ तव्यावर परतून, वर आलं आणि लिंबू. आपल्या रगड्याशी नातं लागेल, पण चव निराळी. वेगळं भांडं, वेगळं तेल असा आग्रह असेल तर शुद्ध शाकाहारी दुकानातच जा. कबाबवाल्याकडे व्हेज पराठा मागून दोघांनाही अवघडून टाकू नकोस.

गोड ऋतूप्रमाणे

प्रकाशची कुल्फी 1956 पासूनची, ती बारा महिने. मुंबईच्या फालुद्यात गुलाबी सरबत, सब्जा, आइस्क्रीम असतं, ते चित्र मनातून काढून टाक. इथे आटवलेल्या दुधाची केशरी कुल्फी साच्यातून काढून सुरीने कापतात आणि फालुद्याच्या शेवयांवर ठेवतात. शेवया अळणी असतात, त्या मुद्दाम तशा. कुल्फीचा गोडवा त्यामुळे आवरला जातो. दोघांत एक पुरते.

थंडीत गेलात तर सकाळी मक्खन मलाई शोधायची. दूध रात्री उघड्या आभाळाखाली ठेवून पहाटे घुसळतात आणि वर आलेला फेस केशर-साखर घालून विकतात. ऊन चढलं की ती बसते, म्हणून दहाच्या आत खायची. नोव्हेंबर ते फेब्रुवारी एवढेच महिने. इतर दिवसांत कोणी तीच म्हणून देऊ लागला तर घेऊ नकोस. जून-जुलैत गेलात तर मलिहाबादचा दशहरी आंबा घे. आपला हापूस संपलेला असतो, त्यांचा हंगाम भरात असतो. तुलना करत बसू नकोस, दोन्ही आपलेच.

बोलणं आणि बाकीचं

मुंबईची हिंदी मुंबईलाच ठेव. 'तेरे को', 'मेरे को' तिथे कानाला बोचतं. चहा आणून देणाऱ्या पोरालाही 'आप'च म्हणायचं. 'ज़रा एक प्लेट लगा दीजिए' असं म्हटलंस की गर्दीतही कोणी तुझ्यासाठी जागा करून देईल. आवडलं तर तोंडावर सांग. कारागीर तवा सोडून वर बघणार नाही, पण ऐकतो.

पाणी बाटलीचं. तव्यावरून, कढईतून, देगेतून गरम आलेलं बिनधास्त खा. आधीच कापून ठेवलेला कांदा आणि उघडी चटणी जपून. सुटे पैसे जवळ ठेव, पर्स पुढे धर. गाडी घेऊन बाजारात शिरू नका, ई-रिक्षाने जा. चारबागपासून अमीनाबादमार्गे जाणाऱ्या मेट्रोला 2025 च्या ऑगस्टमध्ये मंजुरी मिळाली आहे, पण ती धावेपर्यंत रिक्षाच खरी.

31 ऑक्टोबर 2025 ला युनेस्कोने लखनौला खाद्यसंस्कृतीचं सर्जनशील शहर म्हणून मान दिला. मला फार आनंद झाला. पण आता मोबाइल उंचावून ताटाचे फोटो काढणारे वाढतील आणि मागे उभं असलेलं रोजचं गिऱ्हाईक ताटकळेल. तुम्ही तसं करू नका. हा मान त्या रोजच्या गिऱ्हाइकामुळे मिळाला आहे. हातगाडी ओढून दमलेला माणूस आणि दुकानाचा मालक एकाच बाकावर बसून तोच कबाब खातात, म्हणून त्याची चव पिढ्यानपिढ्या टिकली. बाकावर जागा हवी असेल तर सरकून बसा, खाऊन झालं की लगेच उठा, पुढच्याला जागा द्या.

एवढं सांभाळलंस तर अमीनाबाद तुला भरभरून देईल. थोडी भूक आणि भरपूर वेळ घेऊन जा, आणि सासूबाईंना पहिला घास द्यायला विसरू नकोस.