हजारो डोळे, एक आकाश

(प्रस्तुत पाठात सामान्य लोकांनी शास्त्रज्ञांना केलेल्या मदतीची माहिती दिली आहे.)

अंधाऱ्या रात्री आकाशात एक धूसर, पांढरा पट्टा दिसतो. उर्दूत आपण त्याला कहकशाँ म्हणतो, तर मराठीत आकाशगंगा. आपला सूर्य याच आकाशगंगेतील एक तारा आहे. ताऱ्यांचे असे प्रचंड समूह विश्वात अब्जावधी आहेत. त्यांना दीर्घिका म्हणतात. इ. स. ९६४ च्या सुमारास अब्दुर्रहमान अस्-सूफी या खगोलशास्त्रज्ञाने देवयानी दीर्घिकेची नोंद 'लहानसा ढग' अशी केली होती.

सर्व दीर्घिका सारख्या नसतात. काहींना भोवऱ्यासारख्या वळलेल्या भुजा असतात. त्या सर्पिल दीर्घिका. काही अंड्यासारख्या लंबगोल असतात. सर्पिल दीर्घिकांत बहुधा नवे तारे जन्मत असतात, तर लंबगोल दीर्घिकांत बहुतेक तारे जुने असतात. म्हणून आकार ओळखणे महत्त्वाचे असते.

अमेरिकेतील न्यू मेक्सिको येथील एका दुर्बिणीने लाखो दीर्घिकांची चित्रे टिपली. ऑक्सफर्ड विद्यापीठातील केविन शाविन्स्की यांनी एका आठवड्यात पन्नास हजार चित्रे तपासली. पण एकूण चित्रे सुमारे नऊ लाख होती! त्या वेळी संगणकापेक्षा माणसाचा डोळाच आकार अधिक चांगला ओळखत असे.

मग शाविन्स्की, ख्रिस लिंटॉट व त्यांच्या सहकाऱ्यांनी जुलै २००७ मध्ये 'गॅलेक्सी झू' हे संकेतस्थळ सुरू केले. कोणीही चित्र पाहावे आणि आकार सांगावा. पहिल्याच वर्षात दीड लाखांहून अधिक लोकांनी पाच कोटींहून अधिक उत्तरे नोंदवली.

पण या उत्तरांवर विश्वास कसा ठेवायचा? त्यासाठी एकच चित्र अनेकांना दाखवले जाई व त्यांची उत्तरे ताडून पाहिली जात. तरीही एक कोडे पडले. घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने वळलेल्या दीर्घिका जास्त असल्याचे दिसू लागले. हे खरे असते, तर विश्वाविषयीची आपली समजूतच बदलावी लागली असती! शास्त्रज्ञांनी काही चित्रे आरशातल्याप्रमाणे उलटी करून दाखवली. तरीही लोकांचा कल त्याच दिशेकडे राहिला. म्हणजे दोष आकाशात नव्हता, पाहणाऱ्यांच्या नजरेत होता.

याच कामात २००७ साली नेदरलँड्समधील हॅनी फान आर्केल या शिक्षिकेला एका दीर्घिकेजवळ विचित्र निळसर डाग दिसला. "हे काय आहे?" असे तिने विचारले. तो वायूचा प्रचंड ढग निघाला. शेजारच्या दीर्घिकेच्या केंद्रातून आलेल्या तीव्र प्रकाशाने तो उजळला होता. शास्त्रज्ञांनी त्याला हॅनीचेच नाव दिले.

आज संगणकही दीर्घिका ओळखू लागले आहेत. पण ते शिकले लोकांच्याच उत्तरांवरून. नीट पाहणे आणि न समजलेले विचारणे, एवढे कोणालाही करता येते. विज्ञानाची सुरुवात तेथूनच होते.

शब्दार्थ : धूसर - अस्पष्ट, ताडून पाहणे - तुलना करून तपासणे, कल - झुकाव.

स्वाध्याय
१. सर्पिल व लंबगोल दीर्घिकांतील फरक सांगा.
२. शास्त्रज्ञांनी चित्रे उलटी करून का दाखवली?
३. 'विश्वास ठेवणे' व 'कोडे पडणे' यांचा वाक्यांत उपयोग करा.