दोन घड्याळांचा हिशेब

आमच्या रात्रीच्या वर्गात एक मावशी येतात. डिसेंबर महिना होता. त्या दिवशी मावशी एक कागद जपून घेऊन आल्या. त्यांचा मुलगा कामासाठी लंडनला निघाला होता. त्याच्या विमानाचे ते तिकीट होते. मावशींनी अक्षराला अक्षर लावून ते वाचले होते.

"मुंबईहून निघणार दुपारी २ वाजता. लंडनला पोचणार संध्याकाळी ६-३० ला. म्हणजे साडेचार तास! लंडन एवढं जवळ आहे होय?"

मावशींचे वाचन बरोबर होते. हिशेब तेवढा चुकला होता. कसा, ते आपण पाहू या.

पृथ्वीच्या गोळ्यावर मुंबईपासून लंडनपर्यंत दोरा ताणला, तर ते अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर भरते. १९३१ साली गांधीजी गोलमेज परिषदेला गेले. २९ ऑगस्टला ते मुंबईत बोटीवर चढले आणि १२ सप्टेंबरला लंडनला पोचले. चौदा दिवस लागले! पुढे ८ जून १९४८ रोजी एअर इंडियाचे पहिले विमान मुंबईहून लंडनला निघाले. ते वाटेत कैरो आणि जिनिव्हा येथे थांबले. आता विमाने न थांबता जातात. तरी नऊ-दहा तास लागतातच.

मग तिकिटावर साडेचार तास कसे दिसतात?

पृथ्वी स्वतःभोवती फिरते. म्हणून पूर्वेकडच्या गावी सूर्य आधी दिसतो, पश्चिमेकडे मागाहून. लंडन आपल्या पश्चिमेला आहे. हिवाळ्यात तिथले घड्याळ आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असते. आपल्याकडे दुपारचे १२ वाजतात, तेव्हा तिथे सकाळचे ६-३० झालेले असतात. उन्हाळ्यात तिथले लोक घड्याळ एक तास पुढे करतात. तेव्हा फरक साडेचार तासांचा राहतो.

आता खूण लक्षात ठेवा. तिकिटावर निघण्याची वेळ निघण्याच्या गावची असते. पोचण्याची वेळ पोचण्याच्या गावची असते. आधी दोन्ही वेळा एकाच घड्याळात आणाव्या, मग वजाबाकी करावी.

लंडनची वेळ : संध्याकाळी ६-३०
त्यात मिळवा : ५ तास ३० मिनिटे
मुंबईची वेळ : रात्री १२
दुपारी २ ते रात्री १२ : १० तास

मावशींनी हा हिशेब स्वतः पाटीवर मांडला. मग म्हणाल्या, "बरं झालं बाई! नाहीतर साडेसहापासून फोनकडे डोळे लावून बसले असते. नऊ वाजले तरी फोन नाही, म्हणून जीव टांगणीला लागला असता."

घरी जाऊन त्यांनी सुनेला सांगितले, "बारा वाजता विमान उतरेल. मग कागद तपासतील, सामान मिळेल. एक वाजेपर्यंत घोर करू नकोस."

सराव

हिवाळ्यात एक विमान लंडनहून रात्री ९ वाजता निघाले. दुसऱ्या दिवशी सकाळी ११-३० ला ते मुंबईस पोचले. किती तास लागले? येताना वारा बहुधा पाठीमागून असतो, म्हणून वेळ थोडा कमी लागतो. उत्तर ९ तास आले, तर तुमचा हिशेब बरोबर आहे.